ॲक्टिंग बघायची कशी? जो बोलत नाही त्याच्याकडं बघा

आवडता नट कोण यावर आपल्याकडं जेवढा वाद होतो तेवढा दुसऱ्या कशावर क्वचितच होत असंल. परभणीच्या स्टेशनजवळ चहाला थांबा, लातूरला क्लास सुटल्यावर पोरं उभी असतात तिथं थांबा, नाहीतर लग्नात पंगत उठल्यावर पाहुणे मंडपात टेकतात तिथं कान द्या, कुणीतरी सुरू करतंयच की नाना म्हणजे नाना, दुसरा म्हणतो इरफानसारखा परत होणे नाही, तिसरा साऊथवाला काढतो आणि मग आवाज चढतात. पण तासभर ऐकलं तरी सगळं बोलणं कमाई, डायलॉग आणि बॉडी यातच फिरत राहतं, त्या माणसानं पडद्यावर नेमकं केलं काय हे कुणी सांगत नाही. तसं बघायची सवयच नसते कुणाला. ती सवय लावता येते, घरी बसून, आहे त्या मोबाईलवर, आणि एकदा लागली की जुने पिक्चरसुद्धा नव्यानं दिसायला लागतात. कसं करायचं ते सांगतो.

पहिली गोष्ट, नवा पिक्चर घेऊ नका. आधी बघितलेला घ्या, ज्याची गोष्ट पाठ आहे असा. पहिल्या वेळेला आपण गोष्टीच्या मागं पळत असतो, पुढं काय होणार, मरतो का वाचतो, लग्न होतंय का नाही, त्या नादात नटाकडं लक्ष जातच नाही. दुसऱ्यांदा बघताना पुढचं माहीत असतं म्हणून मग माणूस दिसतो. आणि हेडफोन लावा, आणि ते दीडपट स्पीडनं बघणं ताबडतोब बंद करा. यावर मी कुणाचंच ऐकून घेणार नाही. उत्तर द्यायच्या आधी नट जो अर्धा सेकंद थांबतो तिथंच त्याचं अर्धं काम असतंय, स्पीड वाढवला की तो अर्धा सेकंदच जातो, मग उरतं काय, नुसती माहिती.

आता मुख्य गोष्ट. दोन माणसं बोलायलीत असा तीन-चार मिनिटांचा सीन काढा आणि जो बोलायलाय त्याच्याकडं बघूच नका, जो ऐकायलाय त्याच्याकडं बघा. बोलणाऱ्याला आधार असतो, लेखकानं वाक्य दिलेलं असतं, वाक्य चांगलं असलं तर मध्यम नटसुद्धा तरून जातो. ऐकणाऱ्याला काहीच दिलेलं नसतं, त्याला आतून काहीतरी करावं लागतं. कच्चा नट काय करतो, समोरच्याचं वाक्य संपायची वाट बघत उभा राहतो. नीट बघितलं तर हे चक्क दिसतं, डोळे स्थिर असतात पण रिकामे असतात, आणि आपली पाळी आली की चेहरा चालू होतो. चांगल्या नटाला ते वाक्य प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं लागतं.

याला सगळ्यात भारी उदाहरण जब्बार पटेलांचा सामना. डॉ. लागूंचा दारुडा मास्तर त्या साखरसम्राटाच्या गावात येतो आणि मारुती कांबळेचं काय झालं हे विचारत सुटतो. सगळ्यांच्या लक्षात राहिलाय तो मास्तर आणि त्याचा प्रश्न, राहणारच. पण तुम्ही हिंदुरावकडं बघा, म्हणजे निळू फुल्यांकडं. ते नाव निघालं की बघा. चेहऱ्यावर भीती येत नाही, मालकी हललेली दिसते. आत्तापर्यंत ज्या माणसाच्या शब्दाला गावात कुणी आडवं गेलं नाही त्याला पहिल्यांदा हिशोब मागितला जायलाय, आणि ते त्याला पटतही नाही आणि झटकताही येत नाही. हे सगळं डायलॉगशिवाय. लागूंचा प्रश्न जेवढा धारदार वाटतो त्यातला निम्मा धारदारपणा तो ऐकणाऱ्या निळूभाऊंचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि मग लगेच सिंहासन लावा, 1979 चा. तोच माणूस, पण आता दिगू टिपणीस नावाचा पत्रकार. आपल्याकडं निळू फुले म्हटलं की लोकांना वाड्यावरचा पाटीलच आठवतो आणि मिमिक्रीवाले तेवढंच करत बसतात, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण दिगू टिपणीस बघितला तर कळतं की हा माणूस नुसता बघून आणि ऐकून एवढा मोठा पिक्चर पेलू शकत होता. एकीकडं अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री, दुसरीकडं लागूंचा विश्वासराव दाभाडे, सगळे आपापले डाव टाकायलेत, बोलायलेत, आणि दिगू सगळीकडं जाऊन ते ऐकून घ्यायलाय. प्रत्येक भेटीनंतर त्याच्या डोळ्यातलं थोडं थोडं काहीतरी कमी होत जातं. शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो तेव्हा ते हसणं एकदम आलेलं वाटत नाही, कारण आपण तासभर ते साठताना बघितलेलं असतं. ज्यानं दिगूचं ऐकणं बघितलं नाही त्याला ते हसणं नाटकी वाटेल, वाटणारच.

हे जमलं की दोन प्रयोग करा, एक कान बंद करून आणि एक डोळे बंद करून. आवाज बंद करून सीन लावला की म्युझिक जातं, आणि म्युझिक किती रडवतंय ते तेव्हाच कळतं. व्हायोलिन गेल्यावरसुद्धा चेहऱ्यावर काही उरत असंल तर तो नट. ओम पुरींचा आक्रोश बघा, 1980 चा, विजय तेंडुलकरांनी लिहिलेला. लहान्या भिकू हा आदिवासी, बायकोच्या खुनाच्या आरोपाखाली जेलमध्ये, आणि त्याचा वकील त्याला बोल बोल म्हणून थकतो तरी हा तोंड उघडत नाही. जवळजवळ सगळा पिक्चर गप्प. पण त्या गप्प बसण्यात दर वेळेला वेगळं काहीतरी चाललेलं असतं, एकदा भीती, एकदा राग, एकदा नुसताच थकवा, आणि वकील समोर बसून बोलायलाय तेव्हा लहान्याची नजर कुठं जाते ते बघा, वकिलाच्या तोंडाकडं फार कमी जाते.

आणि डोळे बंद करून ऐकायचं असंल तर लंचबॉक्स. 2013 चा आहे, इरफानचा म्हणून सगळ्यांना माहीत आहे, पण त्यात वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटी आहेत ना, त्या अख्ख्या पिक्चरमध्ये दिसतच नाहीत. नुसता आवाज. भारती आचरेकरांचा. खिडकीतून टोपली खाली येते, मसाला येतो, सल्ला येतो, आणि वर बेडवर पडून असलेल्या नवऱ्याबद्दल त्या बोलतात तेव्हा आपल्याला ती खोली, तो पंखा, ती बाई सगळं दिसतं. चेहरा न दाखवता पूर्ण माणूस उभा केला. आवाज म्हणजे मोठ्यानं बोलणं असं समजणाऱ्यांनी हे एकदा ऐकावंच.

आता हातांकडं या. यात आपण मराठवाड्यातली माणसं कुठल्याही समीक्षकापेक्षा पुढं आहोत आणि आपल्याला ते माहीतच नाही. शेतातलं काम पडद्यावर दाखवलं की आपल्या घरच्या बायका दोन सेकंदात सांगतात, हिनं कधी कापूस वेचला नाही. कसं कळतं? जी खरंच वेचते ती बोंडाकडं बघत नाही, तिचे डोळे पुढच्या झाडावर असतात आणि हात आपोआप जातो, पाची बोटं एकदम मिटतात, सगळ्या पाकळ्यातला कापूस एका ओढीत निघतो आणि कमरेला बांधलेल्या कपड्यात जातो, तोवर दुसरा हात पुढच्या बोंडावर असतो. वाळलेल्या बोंडाचं टोक नखाच्या कडेला टोचतं म्हणून बोटं थोडी तिरकी जातात. नटी काय करते, एकेक बोंड प्रेमानं बघून फूल खुडल्यासारखं खुडते. तसंच कोयत्याचं. बीडकडचा ऊसतोड कामगार बुडात घाव घालतो, पाचट काढतो, वाढं छाटतो आणि ऊस मागं टाकतो, हे सगळं एका लयीत, आणि तो कोयता उगीच उंच उचलत नाही कारण दिवसभर तेच करायचंय, ताकद वाचवायची असते. पडद्यावर कोयता डोक्याच्या वर गेला की समजायचं हा सेटवर दहा मिनिटांपूर्वी शिकलाय.

हे बारीक वाटतं पण यातच सगळं आहे, कारण हात खोटे वाटले की मग तोंडातलं दुःखपण खोटं वाटायला लागतं. बलराज साहनींनी दो बिघा जमीनसाठी, 1953 चा पिक्चर आहे, कलकत्त्याच्या रस्त्यावर खरंच रिक्षा ओढायची प्रॅक्टिस केली होती. पडद्यावर ती रिक्षा त्यांच्या खांद्याला, पाठीला, श्वासाला लागलेली दिसते. आपल्याकडचं बघायचं तर फँड्रीतले किशोर कदम. कवी सौमित्र म्हणून ज्यांच्या कविता लोक ऐकतात तेच हे. त्यांचा कचरू माने उभा कसा राहतो ते बघा. गावातल्या मोठ्या माणसांसमोर त्याची मान, खांदे, हात कुठं असतात, आणि घरात आल्यावर कुठं असतात. आयुष्यभर वाकून बोललेल्या माणसाची पाठ त्यांनी आणलीय. त्यात डुक्कर पकडताना राष्ट्रगीत सुरू होतं तो सीन आहे, सगळं घर जिथल्या तिथं थांबतं आणि डुक्कर निघून जातं. तिथं कुणाचा चेहरा काही सांगत नाही, नुसती उभं राहिलेली शरीरं सांगतात. आणि जब्या झालेला सोमनाथ अवघडे, कुठलंही अभिनयाचं शिक्षण नसलेलं पोरगं, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शिकलेला नट आणि न शिकलेला नट असा भेद कॅमेरा करत नाही, खरं चाललंय का एवढंच त्याला कळतं.

भाषेबद्दल थोडं बोलायलाच पाहिजे. मकरंद अनासपुरे आपल्या मराठवाड्याचे, त्यांनी आपली बोली मोठ्या पडद्यावर नेली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली, याचा आनंद आहेच. पण त्यानंतर बऱ्याच जणांना वाटायला लागलं की चार ठिकाणी लई घातलं की झाला गावाकडचा माणूस. नटाची बोली तपासायची असंल तर शब्द सोडा, हेल ऐका. आपला माणूस प्रश्न विचारताना कुठं ओढतो, वाक्य कुठं सोडून देतो, काय करायलास म्हणताना जोर कुठं पडतो. आणि रागात असताना बोली टिकते का बघा, कारण शिकवलेली बोली भांडणाच्या सीनमध्ये पहिल्यांदा सुटते आणि आतून पुणेरी बाहेर येते.

रडण्यावरून मार्क देऊ नका. ग्लिसरीन दुकानात मिळतं. माणूस खऱ्या आयुष्यात रडायला बघत नाही, रडू दाबायला बघतो, आणि जो नट ते दाबणं दाखवतो तो मोठा. श्वास आठवा, 2004 चा, संदीप सावंतांचा, भारताकडून ऑस्करला पाठवलेला. अरुण नलावडे आजोबा आणि अश्विन चितळे नातू. पोराच्या डोळ्यांना कॅन्सर, ऑपरेशन झालं की दिसणार नाही, आणि आजोबा त्याला आदल्या दिवशी बाहेर नेतात, जग दाखवायला. तिथं नलावडे काय करतात बघा, पोरगं त्यांच्याकडं बघायलं की चेहरा हसरा, आणि पोराची नजर दुसरीकडं गेली की तेवढ्या सेकंदात तो चेहरा उतरतो, परत पोरानं बघितलं की परत हसू. हे दोन्हीच्या मधलं जे आहे ते रडण्यापेक्षा शंभरपट अवघड आहे. तसंच विक्रम गोखल्यांचं अनुमतीमध्ये, बायको व्हेंटिलेटरवर आणि सही करायची का नाही एवढाच प्रश्न. त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, इरफानबरोबर विभागून. त्यांचे पॉज मोजत बसू नका, पॉजच्या आधी आणि नंतर माणूस तोच राहिलाय का बदललाय ते बघा.

एक सावधगिरी. पडद्यावर दिसतं ते सगळं नटाचं नसतं. रशियात शंभर वर्षांपूर्वी कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकानं एक प्रयोग केला, एका नटाचा एकच भावशून्य चेहरा घेतला आणि त्याच्याशेजारी एकदा सूपची वाटी जोडली, एकदा शवपेटी, एकदा एक बाई. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यात भूक दिसली, दुःख दिसलं, ओढ दिसली. म्हणजे एडिटर ठरवतो तुम्हाला काय वाटायचं ते. म्हणून नट तपासायचा तर न कापलेला लांब शॉट शोधा. मनोज वाजपेयींचा अलीगढ, 2016 ला आला, हंसल मेहतांचा. अलीगढ विद्यापीठात मराठी शिकवणारे प्रोफेसर सिरस. रात्री घरात एकटे, हातात ग्लास, लतादीदींचं जुनं गाणं लागलंय, आणि कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर थांबलाय तो हलतच नाही. ते गुणगुणतात, मधेच शब्द सुटतो, परत धरतात, डोळे मिटतात. काहीही घडत नाही आणि तरी एका माणसाचं अख्खं एकटेपण समोर बसलेलं असतं. तिथं एडिटर मदतीला नाही, समोर दुसरा नट नाही, वाक्य नाही. सत्या पिक्चरमधला गुंड भिकू म्हात्रे करणारा माणूस तोच हे परत परत स्वतःला सांगावं लागतं.

नाटकवाल्यांचं माप वेगळं हेही लक्षात ठेवा. आपल्या मराठवाडा विद्यापीठातल्या नाट्यशास्त्र विभागाचे लक्ष्मण देशपांडे एकटे स्टेजवर उभे राहून 52 माणसं करायचे, वऱ्हाड निघालंय लंडनला, आणि आता आपल्याच बीड जिल्ह्याचे संदीप पाठक ते करतात. तिथं खांद्यावरचं उपरणं जरा फिरवलं की माणूस बदलायचा आणि ते शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही कळायला पाहिजे, म्हणून ते मोठं करावंच लागतं. कॅमेरा नाकासमोर असतो, तिथं तेच मोठं केलं की ओव्हर होतं. स्टेजवरचा नट पडद्यावर आला की त्यानं किती कमी केलंय ते बघा, लागूंसारखे फार थोडे जण दोन्हीकडं सारखे मोठे झाले.

ग्राफ, म्हणजे पिक्चरभर माणूस कसा बदलत जातो ते, बघायचा सोपा उपाय, पिक्चरची सुरुवातीची पंधरा मिनिटं आणि शेवटाकडची पंधरा मिनिटं पाठोपाठ लावा. सैराटमध्ये हे केलं तर रिंकू राजगुरूनं काय केलंय ते समजतं. आधी बुलेटवर, ट्रॅक्टरवर, हनुवटी वर, समोरच्याच्या डोळ्यात डोळे घालून. मग हैदराबादमध्ये ती झोपडपट्टी, ती फॅक्टरी, आणि तीच पोरगी भिंतीला टेकून बसायला लागते, आवाज खाली जातो, हात अंगाजवळ येतात. आणि मग संसार लागल्यावर ती परत ताठ होते पण ती जुनी पाटलाची आर्ची नसते. केवढ्या वयात केलंय हे तिनं! गाण्यांच्या नादात लोकांनी याची पुरेशी दाद दिली नाही असं मला अजूनही वाटतं.

कॉमेडीला कमी समजू नका, विनंती आहे. अशोक सराफांना 2025 ला पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले, पण त्यांचं काम बारकाईनं कोण बघतंय? अशी ही बनवाबनवी सगळ्यांना तोंडपाठ आहे ना, मग त्यात लक्ष्मीकांत बेर्डे किंवा सचिन बोलत असताना मामांकडं बघा. थाप पकडली जायची वेळ आली की पहिल्यांदा त्यांचे डोळे हलतात, मग मान, मग नवी थाप तयार होते, आणि मग तोंड उघडतं. आपल्याला त्या डोक्यात चाललेली धावपळ दिसते म्हणून हसू येतं. त्यांचा धनंजय माने स्वतः कधीच हसवायला जात नाही, तो बिचारा खरंच अडचणीत असतो. विनोदी सीनमध्ये नटाला आपण विनोदी आहोत हे माहीत असलं की सीन मेला.

आता करायचं कसं ते सांगून टाकतो. चार-पाच दोस्त जमवा, टीव्हीला मोबाईल जोडा, लाईट असली म्हणजे झालं. एक सीन तीनदा लावायचा. एकानं डोळे बघायचे, एकानं हात, एकानं फक्त ऐकायचं, एकानं जो बोलत नाही त्याला धरून बसायचं. भारी, जबरदस्त, कडक हे शब्द तेवढ्या वेळापुरते बंद. कागदावर नुसतं लिहायचं की त्या माणसानं काय केलं, लपवलं, टाळलं, अजमावलं, माघार घेतली, खोटं बोलला, मान्य केलं. दहा मिनिटांनी कागद एकमेकांना दाखवा, एकाच सीनमध्ये चौघांना चार गोष्टी सापडलेल्या असतात. जानेवारीत आपल्याकडं संभाजीनगरला अजिंठा-वेरूळ फिल्म फेस्टिव्हल असतो, जमलं तर तिथं जा, भाषा कळत नसलेले पिक्चर मुद्दाम बघा, डायलॉगचा आधार गेला की नजर आपोआप नटावर जाते.

सुरुवात सामनापासून करा, मग सिंहासन, मग फँड्री. आणि पुढच्या वेळी चहावर वाद पेटला की मोबाईलवर त्या नटाचा तो बोलत नसलेला सीन काढा, आवाज बंद करा, फोन समोरच्याच्या हातात द्या आणि एवढंच विचारा, हा माणूस आत्ता काय लपवायलाय?